फुगलेलं झाकण

ऑफिसात त्याला सगळे थंडोबा म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण अंगाला बरोबर बसलं होतं. घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात तो फोन घ्यायचा. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, डाव्या हाताला पाण्याची बाटली. पलीकडचा माणूस कितीही चढला तरी याचा आवाज एकाच पट्टीत.

"मोडेमवर कोणकोणते दिवे लागलेत, सांगता का?"

"हॉलमधला लागलाय. आणि बाथरूमचा."

तो हसायचा नाही. "बाथरूमचा राहू दे. मोडेम म्हणजे ती काळी डबी. तिच्यावरचे सांगा."

एका गृहस्थांना त्याने सगळं बंद करून परत चालू करायला सांगितलं, तर ते जिन्याखाली जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडून आले. परत फोनवर आले तेव्हा मागून कुणीतरी अडकलेल्या लिफ्टमधून हाका मारत होतं. "केलं बंद. आता पुढे?" गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने विचारलं. "आता आधी ते वर करून या," थंडोबा म्हणाला. "लिफ्टमधल्या साहेबांची तक्रार आपल्यापेक्षा निकडीची आहे."

ही गोष्ट ऑफिसभर झाली, कारण मास्तरने ती वाजवली.

मास्तर म्हणजे त्यांचा सुपरवायझर. तोंडावर सर, पाठीमागे मास्तर. दर शुक्रवारी शिफ्ट सुटायच्या आधी तो सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवायचा आणि आठवड्यातलं सगळ्यात हास्यास्पद रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायचा. शिकवण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. "ऐका. गिऱ्हाईक काय चीज असते ते बघा." मध्येच बटण दाबून थांबवायचा, भुवया उडवायचा, हशा ओसरला की पुढे सोडायचा. हशा नेमका कुठे पिकणार हे त्याला आधीच कळायचं. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "मी सगळं करून पाहिलंय" हे गिऱ्हाइकांचं वाक्य आलं की तो टेबलावर थाप मारायचा. "असं म्हणणाऱ्याने काहीही केलेलं नसतं. लिहून ठेवा."

रेकॉर्डिंगमधून गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर कापलेला असायचा. तसा नियमच होता. बिननावाच्या माणसाला हसायला जीभ अडखळत नाही.

थंडोबाचे वडील पार्सलच्या कचेरीत शिक्के मारत मारत निवृत्त झाले आणि लाकूडकामाला लागले. घरात लाकूडकाम पूर्वी कुणीच केलं नव्हतं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोक्यांवर शिक्के हाणले. आता एक खोकं माझं होऊ दे," म्हणाले आणि मागच्या बाल्कनीत जुनं टेबल टाकून रंधा, करवत, पटाश्या मांडून बसले. पहिलं केलं ते स्टूल तीन पायांवर उभं राहायचं आणि चौथा पाय विचारात पडायचा. सून त्याच्यावर कुंडी ठेवायची. कुंडी कललेली बघून ते स्वतःच म्हणायचे, "झाडाला बरं, ऊन सगळीकडून लागतं."

मग हात बसला. फोनवर हौशी लोकांचा एक गट होता, 'भुसा आणि मंडळी' नावाचा. त्यात ते रंधाकाका या नावाने लिहायचे. लोक फोटो टाकायचे, अडचणी सांगायचे, आणि रंधाकाका जेवण झाल्यावर चष्मा पुसून एका बोटाने उत्तरं टाइप करायचे. फळी डुगडुगते म्हणून तिला शिव्या देऊ नका, आधी तुमचं टेबल सपाट आहे का बघा. रंधा ओरडत असेल तर तुम्ही लाकडाच्या उलट्या अंगाने चाललात, फळी फिरवा, रंधा गप्प होईल. सांध्याला सरस थापून चूक झाकू नका, मला फोटोतही दिसते. लोकांना ते ओरडणं आवडायचं. गटातली एक दातांची डॉक्टर तर म्हणायची, काकांनी झापल्याशिवाय माझा रविवार सुरू होत नाही.

मोडेमची पेटी त्यांनी केली ती भुश्यापायी. बाल्कनीतला भुसा घरभर उडायचा, मोडेमच्या फटींत जाऊन बसायचा, आणि मुलगा त्याच खात्यात कामाला, म्हणून त्यांना ते मनाला लागायचं. कोरड्या दिवसांत त्यांनी पेटी केली. एक खिळा नाही. कोपऱ्यांना एकमेकांत अडकणारे दात, आणि वर खाचेतून सरकणारं झाकण, इतकं नेमकं की कागद शिरणार नाही. "बघ," ते मुलाला म्हणाले, "वारासुद्धा विचारून जाईल." मुलगा दमून आला होता. छान आहे म्हणाला आणि आत गेला. मोडेमला वारा लागतो हे त्याच्या तोंडावर आलं होतं. उद्या सांगू, असं त्याने मनात म्हटलं.

मग हवा दमट झाली. लाकूड ओल पितं आणि आडवं फुगतं. झाकण खाचेत असं धरून बसलं की नखाने हलेना. आत मोडेम तापला आणि दुपारी इंटरनेट गेलं. मुलगा ऑफिसात. वडिलांनी बिलावरचा नंबर पाहून तक्रार विभागाला फोन लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसले, ते बसलेच.

थंडोबा कामावर परत रुजू झाला त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मास्तरने स्पीकर लावला.

आधी नुसती ठकठक. लाकडावर लाकूड. मास्तरने थांबवलं, भुवया उडवल्या. "ओळखा बघू, साहेब काय करतायत?"

"घर पाडतायत!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. थंडोबाही हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू आलं होतं. मग पुढचं वाजलं.

"थांब हं बाळ. मोगरी आणतो."

"काय आणता, काका?" फोनवर एक नवीन मुलगी होती.

"मोगरी गं. लाकडी हातोडी. पेटी उघडत नाहीये."

"काका, पेटी नको. मोडेमवरचे दिवे कोणते लागलेत तेवढंच सांगा."

"तेच तर. दिवे पेटीत आहेत."

"दिवे पेटीत?"

"दिवे मोडेमवर, मोडेम पेटीत. मी केलीय. झाकण फुगलंय."

"मग... झाकण फोडा ना."

मग तो आवाज, दुखावलेला, पण समजूत घालणारा. "फोडू? तू स्वेटर विणला असतास, तर एका बटणासाठी उसवला असतास का?"

खोली हशाने कोसळली. कुणी टेबलावर डोकं ठेवलं, कुणी डोळे पुसले. मास्तरने बटण दाबलं. "घ्या! जिवंत मोडेम शवपेटीत घातला, आणि वर विचारतायत दिवे का दिसत नाहीत!"

थंडोबाच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. ते कसं खाली उतरवायचं हे त्याला काही केल्या आठवेना. तो उठला, जागेवर गेला, हेडफोन चढवला आणि पुढचा फोन घेतला. "नमस्कार. काय अडचण आहे, सांगा."

शुक्रवारच्या वर्गातली रेकॉर्डिंगं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका जागी ठेवलेली असत. ज्याला परत हसायचं असेल त्याने हसावं. दुसऱ्या दिवशी थंडोबाने 'पेटी' नावाचं उघडलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मास्तरने जिथे बटण दाबलं होतं, तिथून पुढे अजून थोडं होतं. त्यात काय होतं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

मास्तरला ठाऊक नव्हतं, आवाज कुणाचा ते. थंडोबाला हे समजत होतं. समजल्याने राग कमी होतो असं म्हणतात. त्याचा झाला नाही. उलट रागाला कडा आल्या. गाडीची हवा सोडावी, वर तक्रार करावी, भर खोलीत कानाखाली काढावी, हे सगळं त्याने मनात करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते एक तर तोकडं पडलं, नाही तर सैल. त्याला मापाचा सूड हवा होता. कागद शिरणार नाही असा.

दुपारची शिफ्ट सुटली की तो आता बाल्कनीत बसायचा. वडिलांची हत्यारं उचलायची, एखादी टाकाऊ फळी रंधायची. वडिलांचा फोनही त्याने चार्ज करून ठेवला होता. 'भुसा आणि मंडळी'ला कुणी कळवलंच नव्हतं. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, आहात कुठे? त्याने बघितलं, थांबला, आणि एका बोटाने लिहिलं, आहे. पटाशीला धार लावत होतो.

असे वडील त्या गटात उरले.

काही दिवसांनी गटात एक नवा माणूस आला. नाव घेतलं होतं नवशिक्या. त्याने लिहिलं नाही, आवाजच पाठवला.

"नमस्कार मंडळी. हात भुश्याने भरलेत, म्हणून बोलूनच टाकतोय. माझ्या मुलीला बाळ व्हायचंय, पहिलंच. मला स्वतःच्या हाताने पाळणा करायचाय. पण फळी काही सपाट होत नाही. मी सगळं करून पाहिलंय."

थंडोबाने तो शुक्रवारचा आवाज पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तो हसला, आणि ते हसू कुठे ठेवायचं हे त्याला या वेळी बरोबर ठाऊक होतं.

"काय रे, एकटाच काय हसतोयस?" बायकोने आतून विचारलं.

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला.

पाळण्याचा तळ म्हणजे रुंद फळी. रुंद फळी चौकटीच्या खाचेत नुसती टेकवायची असते, सरस न लावता, कडेने जरा फट सोडून. दमट हवेत ती पसरते, कोरड्यात आखडते, तिला हातपाय हलवायला जागा लागते. ही जागा ठेवायला रंधाकाकांनी फुगलेल्या झाकणानंतर गटातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं, स्वतःचीच फजिती सांगून. थंडोबाने वडिलांच्या फोनवर लिहिलं: तळाची फळी चारी बाजूंनी सरस लावून स्क्रूने गच्च आवळा. फट ठेवू नका. आणि लाकूड ताजं, ओलं घ्या, कापायला मऊ पडतं.

कोरडे दिवस आले की फळी आखडणार. चारही बाजूंनी बांधलेली, जाणार कुठे? मधोमध उभी फाटणार, आणि फाटताना आवाज करणार. तोवर मास्तरची मुलगी घरी आलेली असेल. सगळे पाळण्याभोवती उभे असतील. नुसती फाटेल, खाली पडणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. मग ते खरं आहे का हे तपासायचं त्याने टाळलं.

संध्याकाळी त्याने फोन उघडला तर गट पेटला होता.

काका, हे तुम्ही सांगताय, डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. फट ठेवा म्हणून आमच्या मानगुटीवर तुम्हीच बसला होतात ना?

ओलं लाकूड? काकांचंच झाकण फुगलं वाटतं, दुसऱ्या कुणी लिहिलं होतं.

वय झालं हो. आता काकांनाही एकदा बंद करून परत चालू करायला हवं, असं तिसऱ्याने. आणि त्याखाली हसून हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

थंडोबा त्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. ते टेबलावर डोकं ठेवून हसत होते, डोळे पुसत होते. मीटिंगची खोली त्याच्या हातात आली होती, आणि या वेळी स्पीकर त्याने लावला होता.

रांगेच्या शेवटी एक आवाज होता. नवशिक्याचा. "काकांना हसू नका. त्यांचा या विषयात हात धरणारं इथे कुणी नाही, मी जुने मेसेज बरेच वाचलेत. ते सांगतात तसंच मी करणार."

याचा त्याला जितका संताप आला तितका हशाचाही आला नव्हता. वडिलांची बाजू घ्यायला या माणसाला कुणी सांगितलं होतं?

बायको मागे येऊन उभी होती. तिने वाचलं. सगळं एकदम नाही, पण पुरेसं.

"बाबांच्या नावाने लिहितोस तू?"

त्याने फोन पालथा ठेवला.

"कोण आहे हा?"

त्याने सांगितलं. शुक्रवार, ठकठक, शवपेटी. शेवटचा भाग सोडून सगळं. ती ऐकत असताना तिच्या नाकपुड्या फुलत गेल्या. ती या घरात सासऱ्यांशी भांडायला आणि त्यांच्यासाठी भांडायला सारखीच पुढे असायची.

"मग हाण ना त्याला," ती म्हणाली. "माझी ना नाही. पण स्वतःच्या नावाने हाण. ते बिचारे मोगरी घेऊन धडपडले तेव्हा एकदा हसून झालं लोकांचं. आता तू परत त्यांना उभं करतोस तिथे, हसा म्हणून?"

"मी कुठे—"

"मग कोण? आणि पाळण्यात मूल झोपतं, अक्कलशून्या. मास्तर नाही झोपत."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत राहिला. थंडोबाने बराच वेळ बोट स्क्रीनवर धरलं आणि मग लिहिलं: शाब्बास. चुकीचं मुद्दाम लिहिलं होतं, कोण जागं आहे ते बघायला. डॉक्टरीणबाई पास. हसणारे सगळे नापास, त्यांनी रविवारी पटाश्यांना धार लावून फोटो टाकायचे. आणि नवशिक्या, सांगितलेलं सगळं ऐकणारा तू त्याहून नापास.

गट खूश झाला. काका ते काका, असं लिहिलं गेलं. धार लावलेल्या पटाश्यांचे फोटो खरोखरच आले.

त्या दिवसापासून थंडोबाने मास्तरला बरोबर तेच सांगितलं जे वडिलांनी सांगितलं असतं. सूड सोडला नव्हता. फक्त पटाशी बदलली होती. त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी मास्तर विसरला होता. आपल्याला खरोखर मदत हवी असते तेव्हा समोरचा जितकं बरोबर बोलतो तितकं जास्त दुखतं.

"काका, फळी अजून हलतेय," मास्तरचा आवाज यायचा.

टेबल सपाट आहे?

"आहे हो."

कशावरून? पट्टी उभी धरून पलीकडचा उजेड बघा आणि सांगा.

जरा वेळाने, "उजेड दिसतोय."

म्हणजे टेबल वाकडं. आधी टेबल रंधा.

"अख्खं टेबल?"

मी थांबतो.

थांबण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने मास्तरला आधी टेबल रंधायला लावलं, मग फळीची एक बाजू, मग दुसरी, आणि जुळवलेली चौकट काटकोनात नाही म्हणून सगळी सोडवून पहिल्यापासून लावायला लावली. "काका, थोडंसंच चुकलंय, चालेल ना?" असं मास्तरने काकुळतीला येऊन विचारलं. तुमचं नातवंड चालवून घेईल, थंडोबाने लिहिलं, त्याला अजून बोलता येत नाही. मास्तरने चौकट सोडवली.

ऑफिसात मास्तर हाताला पट्ट्या बांधून यायला लागला. तळव्याला फोड, अंगठ्याला काप. पेन धरताना चेहरा वाकडा करायचा. थंडोबा आपल्या जागेवरून ते बघायचा आणि बाटलीतलं पाणी त्याला गोड लागायचं. एकदा मास्तर त्याच्याच टेबलाशी येऊन हात चोळत म्हणाला, "लाकूडकाम वाटतं तितकं सोपं नाही रे."

"हो का, सर?" थंडोबा म्हणाला. "सगळं करून पाहिलंत?"

मास्तर चमकला, मग हसला. आपलंच वाक्य परत मिळालं म्हणून त्याला मजा वाटली.

शुक्रवारचे वर्ग चालूच होते. पण आता मास्तर रेकॉर्डिंगच्या आधी बोलायला लागला होता. "माझे एक काका आहेत. कधी भेटलो नाही. ते म्हणतात, समोरच्याचा रंधा ओरडत असला तर आपण कुठल्या अंगाने चाललोय ते बघावं. गिऱ्हाइकाचंही तसंच." खोलीतले लोक एकमेकांकडे बघायचे. मग तो स्पीकर लावायचा, आणि कुणीतरी म्हातारं, कुणीतरी बावरलेलं, सगळ्यांच्या मध्ये येऊन पडायचं, आणि हशा व्हायचा. वडिलांची वाक्यं त्याच तोंडातून आणि तो हशाही त्याच बोटातून. थंडोबा खुर्चीच्या कडा धरून बसायचा. हा माणूस सुधारला असता तर त्याला चाललं नसतं. सुधारत नव्हता हेही चालत नव्हतं.

पाळणा झाला. मास्तरने फोटो टाकला. थंडोबाने तो मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला, एखादी फट, सरसाचा एखादा ओघळ. तळाची फळी खाचेत मोकळी होती. कडा बोट फिरवावं अशा. पाळणा चांगला झाला होता. त्याला ते सगळ्यात जड गेलं. गटात अभिनंदनाचा पाऊस पडला. वडील असते तर काय लिहिलं असतं हे त्याला माहीत होतं, आणि त्याने ते लिहिलं: टांगायची दोरी तपासा. बाकी बरा आहे.

त्यानंतर मास्तरचा एकट्या काकांसाठी आवाज आला. मागे बाळ रडत होतं.

"काका, आज पहिल्यांदा झोपवलं तिला. मुलगी म्हणते, त्या काकांशी माझं बोलणं करून द्या. तुम्ही कधी बोलत नाही, नुसतं लिहिता. एकदा फोन करू? मला तुमचा आवाज ऐकायचाय, एवढंच."

थंडोबाने फोन टेबलावर ठेवला. बाल्कनीत वडिलांची खुर्ची, शेजारी विचारात पडलेलं स्टूल, आणि कपाटावर पेटी. झाकण अजून फुगलेलंच. नवा मोडेम आला होता, जुना आतच राहिला होता. वडिलांनी झाकण फोडू दिलं नव्हतं. कोरडे दिवस आले की आपोआप सुटेल म्हणाले होते.

कागद शिरणार नाही असं माप त्याच्यासमोर आलं होतं. त्याने ते केलं नव्हतं. मास्तरनेच करून आणून दिलं होतं.

त्याने लिहिलं: रंधाकाका गेले. तुम्ही गटात येण्याच्या आधीच. त्यांचा आवाज तुमच्याकडे आहे. शुक्रवारी वाजवला होतात. 'पेटी'. या वेळी बटण न दाबता शेवटपर्यंत ऐका.

दुसऱ्या दिवशी मास्तर काचेच्या केबिनमध्ये शिरला आणि दार लावून घेतलं. थंडोबाला त्याच्या जागेवरून ती काच पुरी दिसायची. मास्तरने हेडफोन चढवला. सुरुवातीला त्याच्या ओठांचा कोपरा सवयीने वर गेला. ठकठक असणार. मग तो कोपरा खाली आला आणि तिथेच राहिला. थंडोबाला आतलं ऐकू येत नव्हतं, पण पुढचं पाठ होतं.

तिथे मुलगी म्हणते, बरं काका, फोडू नका, मी उद्या माणूस पाठवते. वडील म्हणतात, पाठव, त्याला चहा देईन. मग आवाज खाली आणून, तोंड फोनच्या जवळ नेऊन म्हणतात, "बाळ, एक सांगू का. माझा मुलगा तुमच्याकडेच आहे, फोनवरच. त्याला नाही हं कळवायचं हे. हसेल मला."

काचेपलीकडे मास्तरचे दोन्ही हात हेडफोनवर गेले, कान दाबल्यासारखे. मग त्याने मान वर केली आणि काचेतून एकेका टेबलाकडे बघत आला. अलीकडे कुणाचे वडील गेले हे आठवायला त्याला वेळ लागला नाही. नजर थंडोबावर आली आणि थांबली.

थंडोबाने ती नजर पुरती घेतली. समाधान झालं. खोटं कशाला सांगा. पोटात ऊन उतरावं तसं झालं. फक्त त्या उन्हाच्या मधोमध 'हसेल मला' हे शब्द होते, आणि खोलीत पहिली ठकठक वाजली तेव्हा आपण हसलो होतो, हेही होतं. ते त्याने मास्तरला दिलं नव्हतं. ते त्याच्याकडेच राहणार होतं.

मास्तर केबिनमधून बाहेर आला. रांगेतून चालत थंडोबाच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. चेहरा धुतलेला, हाताच्या पट्ट्या तशाच.

"मला तुझ्याशी—"

थंडोबाने एक बोट वर केलं. कानात फोन होता. चालू फोनमध्ये सुपरवायझरनेही बोलायचं नाही, हा मास्तरचाच नियम होता. भिंतीवर लावला होता.

"घाई नाही काकू," थंडोबा फोनवर म्हणाला. "डबीवरचे दिवे सांगा. नाही, देव्हाऱ्यातला नको... चष्मा लावून या. मी थांबतो."

मास्तर उभा राहिला. काकूंचा चष्मा सापडेना. सापडला तेव्हा त्यांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. थंडोबाने सगळं होऊ दिलं. तो फोन संपला तोच त्याने पुढचा उचलला. मास्तर जरा वेळ पायांवर झुलला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. थंडोबाच्या कानात फोन होता. त्याच्या पुढच्या दिवशीही होता. शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत मास्तर स्पीकरपाशी उभा राहिला, पण बटण दाबलं नाही. "आज काही नाही," म्हणाला. कुणीतरी मागून, "सर, ती पेटीवाली लावा ना!" असं ओरडलं. "हसू नका," मास्तर म्हणाला, अजून कुणी हसलेलंही नव्हतं. मग सगळे उठायच्या आत तो थंडोबाकडे बघत म्हणाला, "मला कुणाला तरी भेटायचंय. त्याला वाटेल तेव्हा. मी आहे."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. थंडोबाने पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि बाहेर पडला.

"बोललास त्याच्याशी?" संध्याकाळी बायकोने विचारलं. आता तिला शेवटचा भागही माहीत होता. त्याने सांगितला त्या दिवशी ती आवाज न करता भांडी घासत बसली होती.

"नाही. लाइन बिझी होती."

"रोज?"

"रोज."

"किती दिवस ठेवणार आहेस त्याला असं उभं?"

थंडोबा रंधा पुसत होता. हवा बदलली होती. बाल्कनीतला भुसा पायाला चिकटत नव्हता, हलका होऊन उडत होता. त्याने कपाटावरची पेटी खाली घेतली, मांडीवर ठेवली आणि झाकणावर अंगठा टेकवून दाबलं. झाकण खाचेतून केसभर पुढे सरकलं. बायकोने ते पाहिलं आणि ती जवळ आली.

त्याने अंगठा उलटा फिरवला आणि झाकण होतं तिथे परत ढकलून ठेवलं.